गोटा गेला कुठे?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते, हे आपल्या मंडळात कुणाला सांगायला नको. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड, एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्याला सावरगाव, आणि मधे हवेत गोटे. ती बंद व्हावी की नाही, हा वाद मी आज काढत नाही. माझं भांडण वेगळं आहे.

एका गच्चीवरून मी उसन्या ३६० अंशी कॅमेऱ्याने गोटमारीचं चित्रण केलं होतं. त्यात एक पोरगा डोक्याला गोटा लागून पडतो. संध्याकाळी सौंसरला मामाकडे तेच त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लावलं, तर नेमक्या त्या क्षणी पडद्यावर राखाडी ठोकळे. पोरगा उभा, ठोकळे, पोरगा खाली. गोटा नाहीच!

"काहून रे भाच्या, गोटा खाल्ला का तू?" मामा म्हणाले. सगळे हसले. शेजारचा एक पोरगा मात्र हसला नाही, कारण पडलेला त्याचा चुलतभाऊ होता. तो एवढंच म्हणाला, "दादा, तुमी काटला असंन."

हा आरोप मला झोंबला. माझ्या लॅपटॉपवर तो गोटा स्वच्छ दिसत होता. दोन्हीकडच्या फाइलींचा हॅश काढला. हॅश म्हणजे फाइलीतल्या सगळ्या आकड्यांवरून गणिताने काढलेला ठसा. एक बिट बदललं तरी ठसा पार बदलतो. एसएचए-२५६ चे ६४ च्या ६४ अक्षरांकी चिन्ह जुळले. म्हणजे फाइल तीच, बाइटभरही फरक नाही. "मग खोटं कोण बोलून रायलं?" मामांचा प्रश्न अगदी बरोबर होता.

खोटं बोलत होता तो फाइल उलगडणारा, म्हणजे डीकोडर. दाबून लहान केलेल्या व्हिडिओत बहुतेक चित्रं पूर्ण नसतातच. आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं. एक चित्र चुकीचं उलगडलं की त्याच्यावर टेकलेली पुढची सगळी बिघडतात, पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत. त्यात ३६० अंशी चित्रण आकाराने अवाढव्य, जुन्या चिपला ते पेलत नाही. आणि आपण बघतो तो त्यातला एक तुकडाच, त्यामुळे पाठीमागे काही फाटलं असेल तर कळतही नाही.

यावर उपाय नवा नाही. २०१३ च्या एचईव्हीसी मानकात प्रत्येक चित्रासोबत त्याचा ठसा लिहून ठेवायची सोय आहे: एमडी५, सीआरसी किंवा साधी बेरीज. डीकोडरने चित्र उलगडून स्वतः ठसा काढायचा आणि ताडून बघायचा. पण ही सोय ऐच्छिक आहे, माझ्या फाइलीत ती नव्हती. मग एफएफएमपेग या फुकट मिळणाऱ्या साधनातल्या 'फ्रेमएमडी५' ने दोन्ही मशीनवर, उलगडलेल्या प्रत्येक चित्राची एक ओळ, अशी यादी काढली. ओळी जुळत गेल्या, एका ठिकाणी फुटल्या, आणि पुढच्या पूर्ण चित्रापाशी पुन्हा जुळल्या. तिसऱ्या मशीनची यादी माझ्या लॅपटॉपशी तंतोतंत जुळली. एमपेग-२ च्या काळात ही युक्ती चालली नसती, कारण दोन चांगल्या डीकोडरांतही बारीक फरक चालत असे. २००३ च्या एच.२६४ पासून गणित पूर्णांकांत आलं आणि उत्तर एकच असायला हवं असं ठरलं.

आता माझं म्हणणं. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात डिजिटल पुराव्याचा हॅश लिहावा लागतो. चांगली गोष्ट आहे. पण तो ठसा नोंदीचा, म्हणजे फाइलीचा. पडद्यावर काय दिसलं, त्याचा नव्हे. जिथे एका गोट्यावर कुणाचा गुन्हा ठरणार, तिथे चित्राचित्राचा ठसाही जोडायला हवा. गोटमारीवर आता ड्रोन आणि सीसीटीव्ही असतात, म्हणून हे जास्तच वाटतं.

बायबलच्या तासाला मसोरेती लेखनिकांबद्दल ऐकलं होतं. हिब्रू शास्त्राची नक्कल करताना ते शब्द आणि अक्षरंसुद्धा मोजत. मोजणी नक्कल राखते, वाचणाऱ्याची जीभ नाही. म्हणून त्यांनी स्वरांच्या खुणाही घातल्या, हे मला तेव्हा विशेष वाटलं नव्हतं.

अर्थात ठशालाही हद्द आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमपेगच्या इमर्सिव्ह व्हिडिओ मानकात अनेक कॅमेऱ्यांची चित्रं, सोबत प्रत्येक बिंदूचं अंतर, असं तुकडे करून मोठ्या चित्रपत्रांवर बसवतात. बघणाऱ्याने डोकं हलवलं की त्यातून नवीनच दृश्य रचलं जातं, जे कुठल्याच कॅमेऱ्याने टिपलेलं नसतं. उलगडलेल्या चित्रपत्रांपर्यंत ठसा चालतो. पुढची रचना कशी करायची हे मानक बांधून देत नाही, त्यामुळे दोन हेडसेटांत थोडं वेगळं दिसणं साहजिक. अंतराच्या चित्रात चूक झाली तर ठोकळेही दिसणार नाहीत. गोटा फक्त हातभर सरकलेला दिसेल आणि भलत्याच माणसाच्या हातातून सुटेल. मला याचीच जास्त भीती वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत त्या पोराला दोन्ही याद्या दाखवल्या, फुटलेल्या ओळींवर लाल पेनाने खुणा करून. त्याने बराच वेळ पाहिल्या. मग विचारलं, "दादा, कोर्टातल्या कॉम्प्युटरवर कोणता दिसंन?"