विकलेल्या घराची ओल

खरेदीखत झालें, पैसे मिळाले, किल्ल्या दिल्या, म्हणजे घर विकणाराची जबाबदारी संपली, असा सार्वत्रिक समज आहे. बारा वर्षांपूर्वीं माझाहि तोच होता. तो कसा दूर झाला, हें या महिन्यांत सांगण्याचें योजिलें आहे. गोष्ट आमच्याच घरची असल्यामुळें थोडा संकोच वाटतो. परंतु जन्मभर दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविल्या, तेव्हां एखादी स्वतःचीहि दाखविणें न्याय्यच होय.

तीर्थरूपांच्या पश्चात् गांवांतील जुनें घर विकावयाचें ठरलें. त्याच्या माजघराची उत्तरेकडील भिंत दर पावसाळ्यांत ओलावत असे. पन्हळीचें पाणी तिच्या मुळांत मुरे. घरांतील लहान मुलांनाहि हें ठाऊक होतें. दादांनीं फाल्गुनांत त्या भिंतीला नवा गिलावा करून वर रंग दिला. "घर स्वच्छ करून द्यावें," एवढेंच ते म्हणाले. चैत्रांत घेणारे गृहस्थ आले. त्यांनीं भिंतीवरून हात फिरविला आणि "कोरडी आहे" असें समाधानानें म्हटलें. मी शेजारीं उभा होतों. मी कांहीं बोललों नाहीं.

आषाढ संपत आला असतां तेच गृहस्थ छत्री मिटीत आमच्या दारांत उभे राहिले. त्यांच्या तक्रारी दोन होत्या : माजघराच्या भिंतीचे पोपडे पडूं लागले होते, आणि मागील पडवी फुटक्या कौलांतून गळत होती. दादा म्हणाले, "रजिस्टर झालें, आतां आमचा संबंध उरला नाहीं. घर तुम्हीं पाहूनच घेतलें." गृहस्थ भांडले नाहींत. जातांना मजकडे पाहून एवढेंच म्हणाले, "मास्तर, तुम्ही तेथें उभे होतां."

त्या रात्रीं झोप लागली नाहीं. दुसऱ्या दिवशीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलों. तो वकील आहे. त्यानें १८८२ च्या मालमत्ता-हस्तांतरणाच्या कायद्याचें ५५ वें कलम माझ्यापुढें ठेविलें. वेगळा करार नसेल तर, जो महत्त्वाचा दोष विकणाराला माहीत आहे, घेणाराला माहीत नाहीं, आणि साधारण काळजीनें पाहूनहि जो त्याला कळण्यासारखा नाहीं, तो विकणारानें सांगितलाच पाहिजे. न सांगणें हें कपट समजलें जातें. दोष बुद्धिपुरस्सर झांकणें तर १८७२ च्या कराराच्या कायद्यानेंहि कपटच आहे. उलट, मालकी गेल्यानंतर विकणाराच्या हातून न झालेलें नुकसान घेणारानेंच सोसावयाचें.

हा भेद लक्षांत घेण्याजोगा आहे. घर डागडुजी करूनच विकावें, असें कायदा म्हणत नाहीं; आहे तें सांगून विकावें, असें म्हणतो. फुटकीं कौलें मान वर केली असती तर कोणालाहि दिसलीं असतीं. त्यांचा भार आमच्यावर नव्हता. भिंत मात्र आमची होती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतहि निकस किंवा झांकलेला माल विकूं नये, असें सांगितलें आहे. हा अध्याय मीं शिकविलेला होता, हें येथें कबूल केलें पाहिजे.

सायंकाळीं घरांत बराच वाद झाला. शेवटीं वहिनी म्हणाल्या, "मामंजी असते, तर त्यांनीं आधीं ओल दाखविली असती, मग अंगण." दादा उठून आंत गेले. चार दिवसांनीं भिंतीचा खर्च आम्ही दोघां भावांनीं दिला. कौलें त्या गृहस्थांनीं स्वतःच बदललीं. गवंडी आला त्या दिवशीं दादा न बोलावतां तेथें गेले, कारण पाणी नेमकें कोठून शिरतें हें त्यांनाच ठाऊक होतें.

वाचकांपैकीं ज्यांना घर विकावयाचें असेल, त्यांनीं ठाऊक असलेल्या दोषांची यादी करून तिच्यावर घेणाराची सही घ्यावी. किंमत थोडी उतरेल, पण पुढील पावसाळ्याची धास्ती राहणार नाहीं. ज्यांना घ्यावयाचें असेल, त्यांनीं साधल्यास घर पावसांत पाहावें, व ओल, वाळवी, गळती यांविषयीं लेखी विचारावें. बांधकाम-व्यावसायिकाकडून नवीन सदनिका घेणारांस २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याचा अधिक आधार आहे : ताबा मिळाल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधकामाचा दोष दाखविल्यास त्यानें तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. जुनें घर विकणाऱ्या साध्या गृहस्थाला मात्र हा नियम लागू नाहीं. त्याच्यावर भार सांगण्याचा आहे.

एकत्र कुटुंबाच्या घराच्या खरेदीखतावर सर्व भावांच्या सह्या होतात. सही करण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्याला काय ठाऊक आहे तें बोलून टाकावें. मीं तें चैत्रांत केलें असतें, तर आषाढांत कोणाला छत्री घेऊन यावें लागलें नसतें.