गाणे चळवळीचे, पोट मात्र गायकाच्या एकट्याचे : तमिळनाडूच्या ‘नीलम’कडून काय घ्यायचे?

आपल्या समाजाचा एकही मोठा दिवस गाण्याशिवाय पार पडत नाही. १४ एप्रिलची मिरवणूक असो, बुद्ध पौर्णिमा असो, दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन असो किंवा ६ डिसेंबरची चैत्यभूमी; शिक्षण न मिळालेल्या आपल्या आजी-आजोबांपर्यंत बाबासाहेब पुस्तकातून पोहोचले नाहीत, गाण्यातून पोहोचले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी गावोगाव आंबेडकरी जलसे नेले. पुढे वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गाणी लिहिली आणि खेड्यापाड्यांत पायाला भिंगरी लावून ती गायली. विठ्ठल उमप यांनी तर २०१० साली नागपुरात दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमातच अखेरचा श्वास घेतला. हा वारसा आपण अभिमानाने सांगतो.

पण गाणे चळवळीचे असेल, तर गाणाऱ्याच्या घरातली चूल कोणाची जबाबदारी? या प्रश्नाला महाराष्ट्रातल्या आंबेडकरी चळवळीकडे आजही संस्थात्मक उत्तर नाही. तमिळनाडूत मात्र गेल्या काही वर्षांत एक उत्तर उभे राहिले आहे. ते जसेच्या तसे उचलण्यासारखे नसले, तरी अभ्यासण्यासारखे नक्कीच आहे.

हंगामी कार्यक्रम, बारमाही भूक

आम्ही वस्त्यांमध्ये काम करणारी माणसे. आमच्या संपर्कातल्या बहुतेक गायक-वादकांचे वर्ष सारखेच असते. एप्रिल-मे मध्ये रोज सुपारी, मग पावसाळ्यात शुकशुकाट, वर्षावासात विहारातले थोडे कार्यक्रम, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत पुन्हा थोडी हालचाल आणि १ जानेवारीनंतर परत वाट पाहणे. मधल्या महिन्यांत कुणी रिक्षा चालवतो, कुणी नाक्यावर उभा राहतो, कुणी बिगारी काम करतो. मिळालेली बिदागीही एकट्याची नसते. ढोलकीवाला, हार्मोनियमवाला, कोरस, साउंडवाला, टेम्पोचे भाडे हे सगळे वजा करून जे उरते, ते मुख्य गायकाचे. त्यातही ‘हा समाजाचा कार्यक्रम आहे, समजून घ्या’ हे वाक्य ठरलेले. मंडपवाला समजून घेत नाही, जनरेटरवाला समजून घेत नाही. समजून घ्यायचे ते फक्त कलावंताने.

डीजेला शिव्या घालून हा प्रश्न सुटत नाही. तरुणांना नाचायचे आहे, त्यात गैर काही नाही. दहा जणांचा संच सांभाळण्यापेक्षा डीजे ठरवणे मंडळाला सोपेही पडते. पण त्या डीजेवर जे गाणे वाजते, तेही कुणीतरी लिहिलेले आणि गायलेले असते. कॅसेटच्या काळात अनेक गायकांनी एकरकमी पैसे घेऊन गाणी देऊन टाकली. आज तेच गाणे मोबाइलवर लाखो वेळा ऐकले जाते आणि मूळ कवीच्या घरी त्याचा एक रुपयाही येईल याची शाश्वती नसते. म्हणजे प्रश्न लोकप्रियतेचा नाही. लोकप्रियता आहे; तिच्यातून निर्माण होणारा पैसा आणि कलावंत यांच्यामध्ये उभी राहणारी आपली स्वतःची संस्था नाही.

तमिळनाडूत काय घडले?

चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांनी चेन्नईत ‘नीलम कल्चरल सेंटर’ ही संस्था उभी केली. रजनीकांतचा ‘काला’ हा धारावीवरचा सिनेमा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. तो याच रंजित यांचा. नीलमने संगीतकार तेन्मा यांच्या ‘मद्रास रेकॉर्ड्स’ बरोबर ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा १९ जणांचा बँड बांधला. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईच्या किल्पॉक भागात त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतले गाना गायक, रॅपर आणि वादक एका मंचावर आले. आरक्षण, ऑनर किलिंग, हाताने मैला साफ करण्याची प्रथा हे त्यांच्या गाण्यांचे विषय.

बँडच्या नावाचा संबंध थेट आपल्या धम्माशी आहे. पंडित अयोथी दास (१८४५-१९१४) यांनी ‘जातीविरहित तमिळ’ ही कल्पना मांडली, त्यावरून हे नाव आले. याच अयोथी दासांनी १८९८ मध्ये, म्हणजे बाबासाहेबांच्या धर्मांतराच्या ५८ वर्षे आधी, मद्रासमध्ये शाक्य बौद्ध संघ स्थापन केला होता. बँडचे नाव उच्चारताच विस्मरणात गेलेला एक बौद्ध विचारवंत तरुणांच्या तोंडी आला. सांस्कृतिक काम म्हणतात ते हेच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तमिळ मार्गळी महिना, म्हणजे डिसेंबर-जानेवारी, हा चेन्नईतला कर्नाटक संगीताचा मोसम. तिथल्या संगीत सभांवर आणि मंचांवर पिढ्यान्‌पिढ्या ब्राह्मण समाजाचे वर्चस्व राहिले आहे. नीलमने २०२० पासून त्याच महिन्यात ‘मार्गळीयिल मक्कळिसै’, म्हणजे मार्गळीतले लोकांचे संगीत, हा महोत्सव सुरू केला. गाना, ओप्पारी (मर्तिकाच्या वेळचे शोकगीत), परई (चामड्याचे चर्मवाद्य) यांना मंच मिळाला. परई हे वाद्य तर दलितांवर लादलेल्या मर्तिकाच्या कामाशी जोडून हिणवले गेलेले. आपल्याकडच्या हलगीची आठवण व्हावी असेच त्याचे नशीब. जे वाद्य वाजवणे ही सक्ती आणि लाज होती, ते शहराच्या प्रतिष्ठित मोसमात सन्मानाने वाजू लागले.

आणि नीलम केवळ कार्यक्रम करून थांबली नाही. प्रकाशन, मासिक, पुस्तकांचे दुकान, सिनेमात धडपडणाऱ्या सहायक दिग्दर्शकांसाठी ‘कूगै’ हे वाचनालय आणि दलित इतिहास महिना म्हणून एप्रिलमध्ये होणारा ‘वानम’ कला महोत्सव असे एकमेकांना आधार देणारे काम तिने उभे केले. एखाद्या कलावंताचा एक दिवस गाजवणे सोपे असते. त्याला वर्षभर काम, वाचन, सोबती आणि प्रेक्षक मिळवून देणे अवघड. संस्था लागते ती या दुसऱ्या कामासाठी.

संकटात पाठीशी कोण?

इसैवाणी ही कास्टलेस कलेक्टिव्हच्या पहिल्या संचातली एकमेव स्त्री गायिका. गाना हा पुरुषांचा प्रांत मानला जातो. त्यात उभी राहिलेल्या या मुलीचे नाव बीबीसीने २०२० मध्ये जगातल्या १०० स्त्रियांच्या यादीत घेतले. स्त्रियांच्या मंदिरप्रवेशाचा उल्लेख असलेल्या तिच्या एका जुन्या गाण्यावरून नोव्हेंबर २०२४ मध्ये वाद पेटवला गेला आणि तिला धमक्या येऊ लागल्या. तेव्हा नीलमने जाहीर निवेदन काढून तिची बाजू घेतली. गायिका एकटी पडली नाही.

आता आपल्याकडे पाहू. राजकीय टीका करणाऱ्या रॅप गाण्यांवरून एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगसे आणि उमेश खाडे या तरुणांवर गुन्हे नोंदवले गेले. कबीर कला मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली आणि खटला उभा न राहताच त्यांची कित्येक वर्षे तुरुंगात गेली. अशा वेळी काही वकील, काही पत्रकार, काही कार्यकर्ते धावून येतात. त्यांचे मोल मोठे आहेच. पण व्यक्ती थकतात, पांगतात. कलावंताच्या घरी किराणा भरणारी, वकिलाची फी देणारी, पोरांची शाळा सुरू ठेवणारी कायमची यंत्रणा आपण उभारलेली नाही. १९९७ मध्ये रमाबाई नगरातल्या गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. त्यांच्या नावाने आपण आजही हळहळतो. हळहळीची संस्था झाली असती, तर तिला आता पाव शतक उलटून गेले असते.

यश मिळाल्यावरही लूट थांबत नाही

नीलमच्या वर्तुळातून पुढे आलेल्या अरिवूचे उदाहरण तरुणांनी नीट समजून घ्यावे. २०२१ मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ हे त्याने लिहिलेले आणि धीसोबत गायलेले गाणे देशभर गाजले. चहामळ्यांत राबलेल्या आपल्या आजीची, भूमिहीन पूर्वजांची कहाणी त्यात होती. त्याच वर्षी एका प्रसिद्ध संगीत मासिकाने मुखपृष्ठावर त्याला वगळून इतरांना छापले. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला, गदारोळ झाला, तेव्हा कुठे त्याला जागा मिळाली. आणि २०२४ मध्ये या गाण्याचे संगीतकार संतोष नारायणन यांनी सांगितले की तिघांनाही या गाण्याच्या उत्पन्नातले काहीच मिळालेले नाही. इतके गाजलेले गाणे, नामांकित संगीतकार, तरी ही अवस्था. मग तालुक्याच्या गावातल्या कव्वालाने कागदावर अंगठा उठवला, तर त्याचे काय होत असेल?

कायदा मात्र आपल्या बाजूने बराच आहे. कॉपीराइट कायद्यानुसार गाण्याचे हक्क देण्याचा करार लेखीच लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणासाठी हक्क देऊन टाकले, तरी गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला हिस्सा त्यांच्याकडून काढून घेता येत नाही. कवीच्या निधनानंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. वामनदादा २००४ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या रचनांवरचा कायद्याचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. आपल्या किती शाहिरांच्या घरी हे माहीत आहे? कायदा पुस्तकात आहे. तो कलावंताच्या दारापर्यंत नेणारे माणूस नाही.

सरकारी मानधन पुरेसे आहे का?

राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठीची मानधन योजना आहे. २०२४ मध्ये जुन्या श्रेणी रद्द करून मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये झाले. हे स्वागतार्हच आहे, आणि आपल्या पात्र कलावंतांचे अर्ज भरून घेणे हे प्रत्येक कार्यकर्त्याचे काम आहे. पण ही योजना उतारवयातल्या आधाराची. पंचविशीतल्या ढोलकीवाल्याने कला सोडू नये, यासाठी तिचा उपयोग नाही. शिवाय जो शाहीर सत्तेला प्रश्न विचारतो, त्याने फक्त सत्तेच्याच मानधनावर अवलंबून राहणे ही त्याच्या गाण्यासाठीही बरी गोष्ट नाही.

मग करायचे काय?

नीलमच्या मर्यादाही ध्यानात घेऊ. तिच्यामागे एका यशस्वी दिग्दर्शकाचे नाव आणि सिनेमातले वजन आहे. आपल्याकडे तसे एक केंद्र नाही. पण आपल्याकडे जे आहे, ते कमी नाही. गावोगाव विहार आहेत, जयंती मंडळे आहेत, नोकरदार मध्यमवर्ग आहे आणि पट्टी काढायची सवय आहे.

समजा, एका जिल्ह्यातल्या १०० मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतून प्रत्येकी ५,००० रुपये बाजूला काढले, तर ५ लाखांचा कलावंत निधी उभा राहतो. सात सदस्य एकत्र आले की संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करता येते. आयकर कायद्याखालची देणगी-सवलतीची मान्यता घेतली, तर जुनी करप्रणाली निवडणाऱ्या नोकरदार दात्यांनाही सवलत मिळते. हिशेब दरवर्षी विहाराच्या फलकावर लावावा, म्हणजे संशयाला जागा राहणार नाही.

या निधीतून पहिली चार कामे व्हावीत. पावसाळ्याच्या बेकार महिन्यांत विहारांमध्ये ठरलेल्या बिदागीचे कार्यक्रम. जुन्या शाहिरांच्या वह्या आणि आवाज यांचे कवीच्या नावासह जतन. करार वाचून देणारा आणि हक्क नोंदवून देणारा एक वकील. आणि आजारपण किंवा पोलीस कारवाईच्या वेळी लगेच पोहोचणारी मदत. कार्यकारिणीत निम्म्या जागा कलावंतांच्या असाव्यात आणि त्यात गायिका असाव्यातच. नाहीतर कलावंतांच्या नावाने पुन्हा पुढाऱ्यांचेच मंच तयार होतील.

‘चळवळीच्या गाण्याचे पैसे कसले मागता?’ असे काही जण विचारतील. त्यांना सांगायला हवे, की तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्थान दिले आहे. कष्टाने, कुणाचे नुकसान न करता पोट भरणे हा धम्माचाच भाग आहे. मग आपले गाणे गाणाऱ्याला सन्मानाने पोट भरता यावे, ही जबाबदारी संघ म्हणून आपलीच ठरते.

पुढच्या जयंतीची बैठक तुमच्या मंडळात लवकरच बसेल. मंडप, साउंड, जेवण यांचे आकडे वहीत चढतील. त्याच वहीत ‘कलावंत निधी’ ही एक ओळ वाढवायला सांगा. रक्कम कितीही लहान असू द्या, ओळ मात्र दरवर्षी राहू द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!