‘आझाद व्हिसा’ घेण्यापूर्वी हिशेब मांडा

रोजीसाठी गाव सोडणे ही आमच्या समाजाला नवी गोष्ट नाही. धुळे, मालेगाव आणि भिवंडी येथील मोमीन अन्सारी घराण्यांचे मूळ शोधू गेले तर ते आझमगड, मऊ, मुबारकपूरकडे निघते. १८५७ च्या बंडानंतर त्या भागातील विणकरांवर जुलूम व उपासमारीची वेळ आली, तेव्हा ही मंडळी बायकामुलांसह आग्रा रोडने दक्षिणेकडे निघाली आणि जिथे सूत मिळाले व कापड खपले तिथे थांबली. त्यांच्याजवळ ना पासपोर्ट होता ना व्हिसा. होता तो फक्त हुन्नर. आज त्याच आग्रा रोडवरून आणि भुसावळ जंक्शनवरून आमची मुले मुंबईला जातात व तेथून रियाध, दोहा, दुबईचे विमान धरतात. फरक इतकाच, की वाडवडिलांनी गाव सोडताना कुणाला दलाली दिली नव्हती.

आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. ताका उलगडून, उजेडाला धरून, पोत हाताने चोळून पाहिल्याशिवाय बयाणा देत नाही. सुताच्या गाठीमागे दोन रुपयांचा फरक पडला तर सौदा मोडतो. मात्र तीच माणसे पोराच्या व्हिसासाठी दीड-दोन लाख रुपये, तेही रोख, पावतीशिवाय, गल्लीतल्या कुणा माणसाच्या हातावर ठेवून येतात. त्याचे ना दुकान, ना पाटी, ना परवाना. असे का व्हावे?

हे दुसऱ्यांना शिकवण्यासाठी लिहीत नाही. हीच चूक आम्ही स्वतः केली आहे. २०११ साली आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा सौदीला जायला निघाला. मोटार वाइंडिंग आणि मागाच्या दुरुस्तीत त्याचा हात चांगला होता. एका दलालाने ‘आझाद व्हिसा’ सांगितला. कफील नावापुरता, तिथे जाऊन हवे ते काम करा, हव्या त्या मालकाकडे करा. बहिणीने चार माग विकले, बांगड्या गहाण टाकल्या, उरलेली भर आम्ही घातली. दलालाकडे त्याला घेऊन गेलो तेही आम्हीच. व्हिसाचा कागद अरबीत होता. आम्ही उर्दू माध्यमात शिकलेलो, म्हणून मोठ्या ऐटीत तो वाचायला घेतला. पेशाच्या जागी ‘आमिल’ लिहिले होते. उर्दूत आमिल म्हणजे अंमलदार, नाहीतर तावीज-गंडे करणारा. आम्ही मनात हसलो आणि छपाईची चूक समजून सोडून दिले. अरबीत आमिल म्हणजे साधा मजूर. अक्षरे वाचता आली, अर्थ कळला नाही.

आता हिशेब पाहा. व्हिसाचे १ लाख ४० हजार, तिकीट, मेडिकल व इतर खर्च १८ हजार. तेथे गेल्यावर कफीलला महिना ३०० रियाल द्यायचे, इकाम्याची फी स्वतः भरायची, शिवाय राहणे-जेवण आपले. फोनवर तो म्हणायचा, “मामू, इथे काम भरपूर आहे, पण माझ्या नावाचे नाही.” मार्च २०१३ मध्ये सौदी सरकारने कायदा कडक केला. ज्याच्या नावाचा इकामा त्याच्याकडेच काम करा, नाहीतर देश सोडा. नोव्हेंबर २०१३ पर्यंत मुदत होती. त्या मुदतीत लाखाहून अधिक भारतीय परत आले, त्यांत आमचा भाचाही होता. २६ महिन्यांत त्याने घरी २ लाख १० हजार पाठवले. खर्च वजा जाता उरले ५२ हजार, म्हणजे महिना दोन हजार रुपये. धुळ्यात मागावर बसला असता तरी याहून पुष्कळ मिळाले असते, आणि चार माग घरात राहिले असते. याला धंद्यात आतबट्ट्याचा व्यवहार म्हणतात.

आझाद व्हिसा नावाचा व्हिसा कोणत्याही सरकारच्या दप्तरी नाही. तो कुणा कफीलच्या नावावर निघालेला साधा कामाचा व्हिसा असतो. कफीलला त्या माणसाची गरज नसते, त्याला फक्त व्हिसा विकायचा असतो. म्हणजे आझादीची किंमत आपण देतो आणि दोरी त्याच्या हातात राहते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. या व्हिसामागे जे आमिष आहे, मालक बदलण्याची मुभा, ते आता काही प्रमाणात कायद्यानेच मिळू लागले आहे. कतारने २०२० मध्ये मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढून टाकली आणि मार्च २०२१ पासून किमान वेतन १००० रियाल ठरवले. मालक जागा व जेवण देत नसेल तर जागेचे ५०० व जेवणाचे ३०० वेगळे. सौदीने मार्च २०२१ पासून कराराचे एक वर्ष पूर्ण केलेल्या कामगाराला काही अटींवर मालक बदलण्याची सोय केली. मात्र त्या सुधारणेतून घरगुती नोकर, घरचा ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ व शेतमजूर वगळले होते. आणि ‘आझाद’ म्हणून विकले जाणारे व्हिसे पुष्कळदा नेमक्या याच पेशांचे असतात! ज्याच्याजवळ खऱ्या कंपनीचा खरा करार आहे, त्याला मुभा कायदा देतो. ज्याने ती लाखात विकत घेतली, तो बाहेरच राहतो.

पासपोर्टवरच्या शिक्क्याबद्दलही गैरसमज फार आहे. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असते. त्याला आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार सरकारच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. लोक तिला अडथळा समजतात. वास्तविक ती मंजुरी म्हणजे आपल्या मुलाचा करार कुणीतरी सरकारी माणसाने पाहिला, मालकाचे नाव ‘ई-मायग्रेट’वर नोंदले गेले, याची खूण आहे. सोबत प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची असते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये. दीड लाख दलालाला देणारा माणूस हे पावणेतीनशे रुपये वाचवण्यासाठी पोराला व्हिजिट व्हिसावर पाठवतो! व्हिजिट व्हिसावर किंवा उमऱ्याच्या व्हिसावर जाऊन काम करणे हा तिथे गुन्हा आहे. उमऱ्याच्या नावाने जाऊन मागे राहणाऱ्यांबद्दल तर काय बोलावे! इबादतीच्या नियतीने घेतलेला व्हिसा आणि त्यावर लपूनछपून मजुरी, हे कमाईच्या हलाल असण्यावरही प्रश्न उभा करते.

परवानाधारक एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये व त्यावरचा जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेऊ शकतो आणि त्याची पावती द्यावी लागते. परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर तपासता येतो. त्या क्रमांकाशिवाय जो बोलतो तो एजंट नाही, मग तो आपल्या जमातीचा असो, मोहल्ल्याचा असो की नात्यातला. दलाल बहुधा नात्यातलाच असतो आणि म्हणूनच पावती मागायला आपली जीभ रेटत नाही.

मागावर काम केलेल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आखाती देशांच्या मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे काढतात. क्षयरोगाचा जुना, बरा झालेला डागही दिसला तरी ‘अनफिट’ ठरवतात. आमच्या विणकर वस्त्यांत क्षयाचे रुग्ण किती असतात हे आम्हाला काय सांगायला हवे? सुताची धूळ, कोंदट खोली, एकाच खोलीत आठ माणसे. पुष्कळांना लहानपणी होऊन गेलेला आजार आठवतही नाही. लोक आधी पैसे भरतात, मग मेडिकलला जातात आणि दलाल म्हणतो, पैसे तर वर गेले. म्हणून काही शे रुपयांचा एक्स-रे आधी आपल्या डॉक्टरकडे काढावा. डाग निघाला तर चार माग वाचले असे समजावे.

दुसरा घोळ नावाचा. खान्देशात आपण शेख अमुक शेख तमुक, खान अमुक खान तमुक असे नाव लिहितो. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा. उर्दू शाळेच्या रजिस्टरातून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत येईपर्यंत एकाच मुलाचे तीन स्पेलिंग होतात. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा ही अडचण साऱ्यांच्या लक्षात आली. दुरुस्ती शाळेच्या दाखल्यापासून करावी, कारण पुढचे सगळे कागद त्यावर उभे राहतात. पासपोर्टसाठी आता मुंबईचे खेटे घालावे लागत नाहीत. नाशिकला केंद्र आहे, पोस्टातही केंद्रे उघडली आहेत.

आखातात कायमचे स्थायिक होता येते, हा समज मात्र मनातून काढून टाकावा. तेथे चाळीस वर्षे घालवूनही माणूस इकाम्यावरच राहतो. सौदीने जुलै २०१७ पासून कुटुंबातील प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल फी लावली व ती दरवर्षी वाढवत २०२० मध्ये ४०० केली. बायको व दोन मुले म्हणजे महिना १२०० रियाल! या फीपायी कितीतरी कुटुंबे परत आली. दुबईचा दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा आहे, पण त्यासाठी घराची किंमत २० लाख दिरहम लागते. आमच्या फुले मार्केटच्या किंवा पाच कंदीलच्या किती दुकानदारांजवळ ते असतील? आखात हे कमवून परत येण्याचे ठिकाण आहे. हे आधीच ठरवले तर कमाई बंगल्याच्या जिन्यात न जाता धंद्यात जाते.

शिक्षणासाठी जाणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. डॉक्टरकीसाठी रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तानला मुले जातात. पालक फक्त फी विचारतात. विचारायला हवे ते राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांबद्दल. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, माध्यम इंग्रजी, एक वर्षाची इंटर्नशिप त्याच संस्थेत, आणि नीट आधी पास असणे. यातले एक कमी पडले तर भारतात नोंदणी नाही. परत आल्यावरच्या परीक्षेत गेल्या काही वर्षांत अनेकदा पाचातले चार नापास झाले आहेत. पूर्वी अल्पसंख्याकांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज-सवलत देणारी ‘पढो परदेस’ योजना होती. केंद्र सरकारने ती २०२२-२३ पासून बंद केली. राज्य सरकारने पहिल्या २०० क्रमांकांतील विद्यापीठांसाठी २७ अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती आणली आहे. आकडा लहान आहे, पण आमच्याकडून अर्ज तरी जातात काय? अल्पसंख्याक वित्त महामंडळांच्या योजनेत परदेशी शिक्षणासाठी ३० लाखांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. त्यावरील व्याजाचा मसला ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावा.

कारागिरांच्या मुलांसाठी आम्हाला जर्मनीचा रस्ता विचार करण्याजोगा वाटतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तेथील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने भारतीय कुशल कामगारांचे व्हिसे वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. करार झाला म्हणजे नोकरी हातात आली असे मुळीच नव्हे. पण तेथे ‘आउसबिल्डुंग’ नावाची पद्धत आहे. कारखान्यात काम करता करता हुन्नर शिकायचा व शिकतानाच पगार घ्यायचा. आमच्या उस्ताद-शागिर्द परंपरेला ती फार जवळची आहे. अट जर्मन भाषेची, साधारण ‘बी-१’ पातळीची. ज्या मुलाने उर्दू, अरबी, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा पाच भाषांची तोंडओळख शाळेतच करून घेतली आहे, त्याला सहावी जड का जावी? आठवी-नववीत शाळा सोडून मागावर बसवलेल्या मुलाला मात्र हा दरवाजा बंद आहे.

आमचा भाचा आता धुळ्यात मोटार वाइंडिंगचे दुकान चालवतो. विकलेल्या चार मागांपैकी दोन त्याने पुन्हा घेतले. त्याचा सर्वांत धाकटा भाऊ आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाला असून त्याला कतारला जायचे आहे. शाळेच्या दाखल्यावरचे नाव दुरुस्त करून घेतले, पासपोर्ट आला, छातीचा एक्स-रे साफ निघाला. एजंटचा परवाना क्रमांक भाच्याने स्वतः तपासला. करारपत्र अजून हातात पडलेले नाही. ते येईपर्यंत एक रुपयाही बाहेर काढायचा नाही, असे बहिणीने आम्हाला बजावून ठेवले आहे.