अरण्यांची रोजकीर्द आणि ताळेबंद

फिनलंडने 2022 च्या हवामान कायद्यान्वये 2035 पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचा संकल्प सोडला. कारखाने व वाहने सोडतील त्यातला उरलासुरला कार्बन पाइन आणि स्प्रूसची सूचिपर्णी अरण्ये शोषून घेतील, हे त्यात गृहीत होते. परंतु त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार तेथील जमीन-वापराचे क्षेत्र 2021 साली शोषक नव्हे, तर उत्सर्जक ठरले. वाढलेली वृक्षतोड आणि पाइनची मंदावलेली वाढ ही कारणे उघडच आहेत. तथापि हे आकडे मुळात काढतात कसे, हे पाहणे अगत्याचे आहे.

एक पद्धत मनोऱ्याची. ह्यूतिआला येथे 1962 मध्ये पेरलेल्या पाइनच्या वनात 1995 साली संशोधन-केंद्र उभे राहिले. तेथील उपकरणे हवेचे वरखाली होणे आणि तिच्यातील कार्बन डायऑक्साइड सेकंदाला सुमारे दहा वेळा टिपतात. दुसरी पद्धत वृक्षगणनेची. फिनलंडमध्ये ती 1921 पासून चालू आहे. नमुना-भूखंडांवरील झाडांची जाडी व उंची मोजायची, काही वर्षांनी पुन्हा मोजायची आणि फरक काढायचा.

आमच्या शास्त्राच्या भाषेत पहिली रोजकीर्द, दुसरी ताळेबंद. रोजकीर्दीत वनाचा श्वासोच्छ्वास दिसतो. पण तो मनोऱ्याभोवतीच्या काहीशे मीटरांचाच. शिवाय निवांत रात्री वारा पडला की जमिनीतून निघालेला वायू उपकरणांना चुकवून बाजूने निसटतो आणि दुरुस्ती न केल्यास शोषण फुगलेले दिसते. तोडून नेलेले लाकूड तर या वहीत मुळी येतच नाही! ताळेबंदात ते येते, देशही सगळा येतो. मात्र मातीतील कार्बन बहुतांशी गणिती प्रतिमानावरून काढावा लागतो. निचरा केलेल्या दलदलीच्या जमिनींवर जेथे वने वाढली आहेत, तेथे खरी मेख आहे. त्यातून निव्वळ शोषण म्हणजे दोन प्रचंड रकमांची वजाबाकी. एका रकमेत थोडी चूक झाली तरी बाकीचे चिन्हच पालटते.

राष्ट्राचा हिशेब ताळेबंदावरच मांडावा आणि मनोऱ्यांकडे लेखापरीक्षकाचे काम द्यावे, असे माझे मत आहे. अशा बाकीच्या भरवशावर उद्योगांना सवलत देणे मात्र धोक्याचे. भारताने 2015 मध्ये 2030 पर्यंत वनांद्वारे 2.5 ते 3 अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा साठा करण्याचे आश्वासन दिले. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत वनांतील निम्म्याहून अधिक कार्बन मातीत दाखविला जातो. त्यातला मोजलेला किती आणि अनुमानाने धरलेला किती, हे प्रत्येक आकड्याशेजारी छापले जावे.