नव्या आकड्याचा जुना खेळ

‘एनबीए टूके’ हा बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम दरवर्षी नवा आकडा लावून येतो. बीड, अंबाजोगाई, माजलगावकडे तो खेळणाऱ्या मुलांची संख्या मोठी नसेल, पण जी आहेत त्यांच्यातली बहुतेक पीसीवरच खेळणार. आपल्याकडे घरात संगणक येतो तो एमएस-सीआयटीसाठी, अभ्यासासाठी, ऑनलाइन फॉर्म भरण्यासाठी. त्यावर गेम चालला तर चालला. कन्सोल मात्र निव्वळ खेळण्यासाठी घ्यायचा असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आला तो ४९,९९० रुपयांना. कापसाच्या पट्टीवर वर्ष काढणाऱ्या घरात एवढे पैसे खेळण्यावर कोण घालणार?

म्हणूनच टूके बनवणाऱ्या कंपनीने पीसीवाल्यांशी जे केले ते आम्हाला अन्यायाचे वाटते. नोव्हेंबर २०२० मध्ये जगाच्या बाजारात नवे कन्सोल आले, तेव्हा त्यांच्यासाठी हा खेळ नव्याने बांधला गेला. खेळाडूची पावले मैदानावर घट्ट रोवली जाऊ लागली, अंगाला अंग भिडले की धक्क्याचे वजन जाणवू लागले. पीसीला मात्र प्लेस्टेशन ४ च्या पिढीचीच बांधणी मिळाली, तीही २१ पासून २४ पर्यंत सलग चार आवृत्त्या. वेष्टनावरचे नाव आणि आकडा तोच, आतला खेळ वेगळा. सप्टेंबर २०२३ मध्ये टूके २४ ला स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर खेळणाऱ्यांनी अत्यंत वाईट शेरे दिले, त्यामागे हा रागही होता.

पुष्कळांचे पीसी कमी ताकदीचे असतात, त्यांना नवी बांधणी झेपली नसती, असे समर्थन केले जाते. ते आम्हाला पटत नाही. पीसीवरच्या गेममध्ये चित्राचा दर्जा कमी-जास्त करण्याची सोय असते. ज्याचे यंत्र दुबळे, तो दर्जा उतरवून खेळतो. शिवाय काही गोष्टींचा ग्राफिक्स कार्डाशी काही संबंधच नव्हता. ‘द डब्ल्यू’ या भागात स्वतःची महिला खेळाडू घडवून तिची डब्ल्यूएनबीएमधली कारकीर्द खेळता येते. हा भाग फक्त नव्या कन्सोलवर होता. म्हणजे घरच्या पीसीवर खेळणाऱ्या मुलीला चार वर्षे पुरुष खेळाडूचीच कारकीर्द खेळावी लागली. आम्हाला सगळ्यात जास्त खटकते ते हे.

सप्टेंबर २०२४ मध्ये टूके २५ आला आणि पीसीला अखेर नवी बांधणी मिळाली. त्यासाठी दीडशे जीबीच्या आसपास जागा लागते. गावाकडच्या नेटवर ते उतरवायला किती दिवस जातील, याचा हिशेब घेण्याआधी करावा. आणि पैसे मोजकेच असतील तर महागडे कार्ड घेण्यापूर्वी साधा कंट्रोलर घ्यावा. या खेळात चेंडू टप्प्यावर खेळवणे, हुलकावणी देणे, बास्केटकडे फेकणे हे सारे कंट्रोलरच्या उजव्या काडीच्या हलक्या-जोरकस ढकलण्यावर चालते. कीबोर्डचे बटण एक तर दाबलेले असते किंवा सुटलेले. मधले काही त्याला कळत नाही.

बांधणीचा प्रश्न सुटला, सर्व्हरचा राहिला. मे २०२१ मध्ये, महाराष्ट्र टाळेबंदीत असताना, एपिक या कंपनीच्या ऑनलाइन गेम-दुकानाने टूके २१ आठवडाभर फुकट दिला होता. ३१ डिसेंबर २०२२ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि ऑनलाइन घडवलेले खेळाडू त्यांच्यावर खर्चलेल्या पैशांसकट गेले. टूके २३ चे सर्व्हरही २०२४ च्या अखेरीस बंद झाले. किंमत उतरल्यावरच गेम घेऊ शकणाऱ्या मुलाच्या हाती त्यामुळे जेमतेम काही महिने उरतात. बांधणी कोणत्या पिढीची आहे आणि सर्व्हर कोणत्या तारखेपर्यंत चालतील, या दोन गोष्टी कंपनीने किमतीच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापाव्यात.