विज्ञानवाट : गर्दी ओसरल्यावर

संध्याकाळी सहाच्या सुमारास रॅफल्स प्लेसला एमआरटीच्या तोंडाशी उभे राहून पाहा. बँका, ऑफिसे एकदमच सुटतात आणि माणसांचा लोंढा जिने उतरू लागतो. अशा वेळी आम्हांला कोणी सांगितले, की "इथे रात्री झाडलोट करायला किती जण असतात ते मोजा," तर? त्या लोंढ्यात ते कुठले सापडायला! शहाणा माणूस नऊपर्यंत थांबेल. ऑफिसवाले घरी गेले, की उरलेले मोजणे सोपे.

अतिशय मंद प्रकाश मोजणारे शास्त्रज्ञ नेमकी हीच युक्ती करतात. तिचा संबंध गावाकडच्या पिण्याच्या पाण्याशी आहे, म्हणून या अंकात ती सांगावीशी वाटली.

जमिनीखालच्या खडकांतले युरेनियम विहिरीच्या, बोअरच्या पाण्यात उतरू शकते. पंजाबच्या माळवा भागातल्या भूजलात ते बरेच सापडले आहे. त्याला रंग नाही, वास नाही. पाण्यातून पोटात गेले, तर किरणोत्सर्गापेक्षा मूत्रपिंडांना होणाऱ्या रासायनिक अपायाची काळजी अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ पासून लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. एवढेसे मोजायचे कसे?

युरेनियमची एक खोड कामी येते. पाण्यात विरघळलेल्या युरेनियमवर अतिनील प्रकाश टाकला, की ते हिरवट चमकते. नायट्रोजन लेसरचा ३३७ नॅनोमीटरचा झोत यासाठी चांगला. हा झोत जेमतेम काही नॅनोसेकंद टिकतो. (एका नॅनोसेकंदात प्रकाश फूटभरच जातो!) पंचाईत अशी, की त्याच क्षणी लेसरचा प्रकाश इकडेतिकडे विखुरतो आणि पाण्यातला कुजका पालापाचोळाही चमकतो. लेसरचा रंग गाळणीने अडवता येतो. पण पाचोळ्याची चमक हिरव्या रंगातही मिसळते. रंगाने वेगळे करता येत नाही, मग वेळेने करायचे. पाचोळ्याची चमक नॅनोसेकंदांत विझते. युरेनियमची मात्र मायक्रोसेकंदांत मोजावी लागते, म्हणजे हजारो पट टिकाऊ. पाण्यात फॉस्फेटचे विशिष्ट क्षार घातले, की ती आणखी वाढते आणि लांबते.

मग करायचे एवढेच, की प्रकाश मोजणारा डोळा थोडा उशिरा उघडायचा. या डोळ्याचे नाव फोटोमल्टिप्लायर. एका प्रकाशकणाने सुटलेल्या इलेक्ट्रॉनचे त्यात लाखो इलेक्ट्रॉन होतात. पहिली झळाळी बेताची असेल, तर नुसती नोंद उशिरा सुरू केली तरी चालते. ती फार असेल, तर समोरच्या गाडीच्या दिव्यांनी आपले डोळे दिपावेत तसा हा डोळाही दिपतो आणि लगेच सावरत नाही. तेव्हा आतल्या पट्ट्यांवरचे व्होल्टेज बदलून तो तेवढा वेळ आंधळाच ठेवतात. फार उशीर करूनही भागत नाही, कारण हवी ती चमकही विझत चाललेली असते. म्हणून वेळ नेमकी साधून, असे कितीतरी झोत टाकून, सरासरी घेतात.

युक्ती जुनीच आहे. फ्रान्सच्या एडमंड बेकरेलने १८५८ च्या सुमारास भोके पाडलेल्या फिरत्या चकत्यांनी हेच साधले होते. एका भोकातून पदार्थावर उजेड पडे, आणि तो अडला की दुसऱ्या भोकातून पदार्थ दिसे. त्याचा मुलगा आंरी याला १८९६ मध्ये युरेनियमच्याच क्षारांमुळे किरणोत्सर्गाचा शोध लागला.

आणि आपल्याकडे? होळकरांच्या इंदुरात, जिथे आजही अनेक घरांत मराठी बोलली जाते, १९८४ मध्ये प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसली. २००५ पासून ते राजा रामण्णांच्या नावाने ओळखले जाते. तिथे नायट्रोजन लेसरचे युरेनियम-मापक यंत्र तयार झाले. पुढे लेसरच्या जागी स्वस्त एलईडी वापरणारी यंत्रेही इंदुरात बनू लागली आणि भूजल तपासणे सोपे झाले.

तेव्हा गावी आईवडील बोअरचे पाणी पीत असतील, तर घाबरून जाऊ नका. पण एकदा ते प्रयोगशाळेत तपासून घ्या. उकळल्याने युरेनियम जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. आरओने ते पुष्कळसे अडते.

मुलांना हे समजवायचे असेल, तर त्यांच्या खोलीच्या छताला चिकटवलेल्या चांदण्या आहेतच. दिवा चालू असताना त्या दिसत नाहीत. दिवा मालवा, आणि मग वर बघायला सांगा.