जुलाब थांबविणारी गोळी

चातुर्मास पावसाळ्यातच येतो आणि पोट बिघडण्याचे दिवसही तेच. उकळलेले पाणी वापरणाऱ्या घरांत हा त्रास कमी असला, तरी खरेदीसाठी मुंबई-सुरतेच्या फेऱ्या करणाऱ्या व्यापाऱ्याला बाहेरचे खाणेपिणे सर्वस्वी टाळता येत नाही. मग गाडीत बसण्यापूर्वी लोपेरामाइडची एक गोळी पोटात जाते आणि उरलेले पाकीट खिशात.

ही गोळी रोग बरा करीत नाही. ती आतड्यांची हालचाल मंद करते, त्यामुळे मल अधिक वेळ आत राहून त्यातील पाणी शोषले जाते. तिचे कूळ अफूवर्गीय औषधांचे. मात्र ठरलेल्या मात्रेत ती मेंदूपर्यंत फारशी पोहोचत नाही. बद्धकोष्ठ, पोटफुगी, मुरडा, मळमळ, चक्कर, तोंडाला कोरड, झापड हे तिचे परिचित दुष्परिणाम होत. स्वतः गाडी चालविणाऱ्याने निदान झापडीचा विचार करावा.

शौचातून रक्त पडत असेल किंवा ताप असेल, तर ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊच नये. शरीर जे बाहेर टाकू पाहते, ते आतच कोंडले जाते आणि क्वचित मोठे आतडे फुगून जिवावर बेतते. मात्रेचेही तसेच. प्रौढांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना दिवसाला 8 मिलिग्रॅम, म्हणजे चार गोळ्यांपलीकडे जाऊ नये. अतिमात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होऊन मृत्यूही ओढवू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये दिला. नायट्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या इट्राकोनॅझोलमुळे या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत ती यासाठीच.

लहान मुलांना तर ही गोळी घरच्या घरी देऊच नये. पाकिस्तानात हे औषध दिलेल्या काही तान्ह्या बालकांची आतडी निष्क्रिय होऊन मृत्यू ओढवले आणि 1990 मध्ये तेथे त्याचे बालरूप बंद झाले. मुलांचा खरा आधार म्हणजे क्षार-साखरेचे पाणी आणि डॉक्टरांनी सांगितलेले झिंक. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पाण्याने पटकीचे असंख्य रुग्ण वाचविले. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावे. चवीसाठी वर साखर घालू नये.

चौविहार करणाऱ्यांनी जुलाब सुरू होताच, सूर्यास्ताची वाट न पाहता, दिवसभर थोडेथोडे हे पाणी घेत राहावे. रात्री प्रकृती ढासळली, तर पच्चक्खाणातच समाधीसाठी आगार ठेवलेले आहेत; याविषयी महाराजसाहेबांना आधीच विचारून ठेवणे बरे. वृद्धांच्या बाबतीत लघवी कमी होणे, जीभ कोरडी पडणे, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा.

आणखी एक. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. लोपेरामाइड साध्या गोळीच्या रूपातही मिळते. दुकानदाराकडे तीच मागावी.